खडूच्या नदीतील मासेमारी

दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या टेकड्यांतून उगम पावणाऱ्या नद्यांवर गळाने केली जाणारी मासेमारी. अशा नद्या जगात मोजक्याच असून त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्ये आहेत. हॅम्पशरमधील इचिन ही त्यांतली नमुनेदार नदी. चेरिटन गावाजवळ उगम पावून, विंचेस्टर शहरातून वाहत ती साउथॅम्प्टनजवळ खाडीला मिळते.

पावसाचे पाणी खडूत मुरते आणि पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांवाटे पाझरत राहते. झऱ्यांपाशी त्याचे तापमान वर्षभर १० ते ११ अंश सेल्सियसच्या आसपास असते. पाणी नितळ आणि चुनखडीयुक्त असल्याने पाणवनस्पती दाट वाढतात. त्यांत किडे व बारीक झिंगे मुबलक मिळतात, आणि त्यांवर तपकिरी ट्राउट चांगला पोसतो. मात्र ज्या पाण्याचा तळ काठावरून दिसतो, त्यात माशालाही काठावरचा माणूस दिसतो! ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून गळ टाकणारा वाकून, खालच्या अंगाने त्याच्या मागून येतो.

पिसे आणि दोरा वापरून केलेली, पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी हे इथले मानाचे आमिष. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ च्या ग्रंथात तिची पद्धत मांडली आणि त्यांच्या अनुयायांनी तिचा दंडक केला. इचिनवर वर्षानुवर्षे मासेमारी करणारे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांना तो मान्य नव्हता. ट्राउट बरेचसे खाणे पाण्याखालीच उरकतो, हे पाहून त्यांनी बुडत्या आमिषाचा पुरस्कार केला. त्यांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. वाद दीर्घकाळ चालला, पण निरीक्षण स्क्यूज यांचेच खरे होते.

ट्राउटच्या या कौतुकात ग्रेलिंग, रोच, डेस आणि पाईक हे ‘कोर्स’, म्हणजे सॅमन व ट्राउट वगळता गोड्या पाण्यातले इतर, मासे दुय्यम ठरले. ग्रेलिंग खरे तर सॅमनच्याच कुळातला. पण तो वसंतात अंडी घालतो आणि कायदा त्याला कोर्स माशांत धरतो. ट्राउटचे अन्न खातो म्हणून नदीचे राखणदार पूर्वी त्याला काढून टाकत. हा त्याच्यावर अन्यायच होता. हिवाळ्यात अळीचे आमिष तरंगकाखाली प्रवाहाबरोबर सोडून त्याला पकडणे कमी कौशल्याचे नाही.

शहरांसाठी भूजलाचा उपसा, सांडपाणी व खतांतील फॉस्फेट यांमुळे या नद्या क्षीण होत आहेत.

इंग्लंडमधील नद्यांत १५ मार्च ते १५ जून कोर्स मासेमारी बंद असते. १३ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो. काठाच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.