नॅनो, पण शंभर वर्षांपूर्वीचं!

नॅनो म्हटलं की लॅब, पांढरे कोट आणि कोट्यवधींचे प्रोजेक्ट डोळ्यासमोर येतात. पण मंडळी, आपल्या बाइकच्या टायरमध्ये नॅनो गेली शंभरएक वर्षं फिरतंय. त्याला कोणी त्या नावाने हाक मारली नाही, इतकंच!

सुरुवातीचे टायर पांढुरके असत आणि लवकर झिजत. १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउनमध्ये एस. सी. मोट यांच्या लक्षात आलं की रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली की ते दणकट होतं. १९१० नंतर अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने हीच युक्ती उचलली आणि टायर काळे झाले ते कायमचे.

काजळीत एवढं काय आहे? तिचा बारीकपणा. साध्या हिशोबासाठी एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या आणि त्याचे ३० नॅनोमीटरचे तुकडे करा. सगळ्यांचं पृष्ठफळ मिळून २०० चौरस मीटर होतं, म्हणजे डोंबिवलीतले चार वन बीएचके! रबराच्या साखळ्या या पृष्ठभागाला घट्ट चिकटतात आणि ताण वाटून घेतला जातो. काही कृत्रिम रबरांची ताकद यामुळे दहापट वाढते.

पण टायरला नुसती काजळी पुरत नाही, आत मजबूत दोराही लागतो. इथे आपलं कल्याण येतं. कल्याणहून कसारा लोकल पकडली की पुढचंच स्टेशन शहाड. तिथल्या सेंच्युरी रेयॉनने १९५६ मध्ये रेयॉनचा धागा काढायला सुरुवात केली आणि १९६३ मध्ये टायरसाठीचा. पुढे भारतात टायरच्या दोऱ्यात नायलॉनने रेयॉनला मागे टाकलं.

आणि गंमत बघा, 'नॅनो'ला मान मिळवून दिला तोही नायलॉननेच. १९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये पाच टक्क्यांहूनही कमी चिकणमाती मिसळली, पण तिचे एकेक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटे करून. साधं नायलॉन ६५ अंशांच्या आसपास भाराखाली वाकायला लागतं, हे साधारण १४५ अंशांपर्यंत टिकलं. त्यातून इंजिनच्या टायमिंग बेल्टचं कव्हर बनलं.

इथवर सगळं छान. पण टायर जुना झाला की काय? २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघरमध्ये गेलेल्या वाडा तालुक्यात जुने टायर तापवून तेल काढणारे कारखाने आहेत. धूर आणि काळ्या धुळीबद्दल तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी आहेत. उरलेल्या काजळीत राख आणि इतर कचरा मिसळलेला असतो, त्यामुळे ती पहिल्यासारखं काम देत नाही.

थोडक्यात काय, ज्या घट्ट मिठीमुळे टायर टिकतो, तीच नंतर सोडवता येत नाही. शंभर वर्षं आपण जोडायला शिकलो, सुटं करायला मात्र फारसं नाही. नवीन नॅनो-प्लास्टिकच्या बातम्या वाचताना 'किती मजबूत?' याच्या जोडीला 'हे सुटं कसं करणार?' हेही विचारायला हवं. कारण अनडू नसलेल्या कमांडची किंमत कोणीतरी मोजतंच, आणि इथे ती वाड्याचे लोक मोजतायत.