त्रिरश्मी डोंगरावरील दात्यांची नावे

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात आपल्या वसई परिसरातील कितीतरी कुटुंबे जातात. नवस फेडावा, मिस्साबलिदानात सहभागी व्हावे, द्राक्षे घ्यावीत आणि परतीची वाट धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. परतताना मुंबईच्या महामार्गालगत जो निमुळता डोंगर दिसतो, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. हाच त्रिरश्मी डोंगर. त्याच्या कुशीत २४ लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. परंतु पांडवांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी ती कोरली गेली.

पायऱ्यांची चढण संपवून लेण्यांच्या ओसरीत उभे राहिले की गोदावरीचे विस्तीर्ण खोरे दृष्टीस पडते. नदीकाठी पंचवटीची मंदिरे, पलीकडे म्हसरूळचा चांभारलेण्यांचा डोंगर, जैन बांधवांचे गजपंथ तीर्थ. याच खोऱ्यातील शरणपूर येथे एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय दिला होता. इतक्या धर्मपरंपरांना या एका खोऱ्याने जागा दिली आहे.

परंतु या लेण्यांचे खरे वैभव त्यांच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखांत आहे. लेणी राजांनी कोरविली, असे आपण सहज म्हणून जातो. लेख निराळी साक्ष देतात. एक लेणे वीर नावाच्या व्यापारी गृहस्थाचे आहे. त्यातील एक खोली त्याची पत्नी नंदश्री हिने, तर एक कन्या पुरुषदत्ता हिने दिली. दुसरे मुगुदास नावाच्या ‘दासका’चे आहे, दासक म्हणजे कोळी, असा अर्थ काही पंडित लावतात. तिसरे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाने आपल्या मातापित्यांच्या पुण्यासाठी कोरविले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे दान धंभिक गावाच्या नावावर नोंदलेले आहे. एका अख्ख्या गावाने दिलेले हे दान! वर्गणी काढून देऊळ उभारण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून कळते.

दहाव्या लेण्यातील लेख आपल्याला अधिकच जवळचा वाटावा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात हा वंशाने शक, म्हणजे परकीय. त्याने शूर्पारक म्हणजे आपल्या सोपाऱ्यात धर्मशाळा बांधली. डहाणूच्या नदीवर व इतर नद्यांवर फुकट तरी चालविल्या, काठांवर पाणपोया घातल्या. ब्राह्मणांना गावे दिली आणि भिक्षूंना हे लेणे दिले. लेण्यासोबत त्याने ३,००० कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यातील २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाचे २४० होतात. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेखात आहे. हिशेब पैन्पै जुळतो! मुद्दलास हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे, ही अटही कोरलेली आहे. आणि हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदविला गेला. आपल्या धर्मग्रामाच्या निधीविषयी बैठका घेणाऱ्या आम्हा सर्वांना हा लेख पाठ असावयास हवा.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःची मुद्रा ठोकलेली आहे. शत्रूचा चेहरा त्याने नाण्यांवरून पुसला. डोंगरावरील शत्रूचे नाव मात्र दाता म्हणून आजही शाबूत आहे. एवढेच नव्हे, तर आपल्या १८व्या राज्यवर्षी त्याने उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत येथील भिक्षूंना दिले. शेत पडीक राहिले, गावही ओस पडले. तेव्हा २४व्या वर्षी राजाने व राजमातेने त्याऐवजी शहराच्या हद्दीतील १०० निवर्तने राजकीय जमीन देवविली. दान देऊन तो विसरला नाही. दान पोहोचले की नाही, हेही त्याने पाहिले.

याच नाशिकात, पंचवटीत, १७४७ साली बांधलेले नारोशंकराचे मंदिर आहे. तेथील प्रचंड पोर्तुगीज घंटा ही १७३९ च्या वसईविजयाची खूण. ती पाहताना वसईकर ख्रिस्ती माणसाचे मन क्षणभर दुखावते, हे आम्ही नाकारत नाही. किल्ल्यातील भग्न चर्चच्या फरशीवरील थडग्यांचे दगड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही वेदना सांगावी लागत नाही. परंतु जय आणि पराजय यांच्यापलीकडेही इतिहासाला काही सांगावयाचे असते. घंटेने सांगितले ते विजेत्याचे नाव. डोंगराने जपले ते देणाऱ्याचे, मग तो जिंकलेला असो वा हरलेला. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आदराने पाहावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपल्याला शिकविले. त्रिरश्मीवर तो आदर शिकणे कठीण जात नाही.

खेदाची बाब एकच. आमच्या धर्मग्रामातील तरुणांसह आम्ही ही लेणी पाहिली, तेव्हा दगडावर खिळ्याने ओरखडलेली नावेही दिसली. त्या नावांनी भिक्षूला ना वस्त्र दिले, ना वाटसरूला पाणी. आपल्या मुलांना तेथे अवश्य न्यावे. वीराच्या कन्येने दिलेली एक खोली त्यांना दाखवावी आणि सांगावे की दगडावर नाव टिकते ते कोरल्याने नव्हे, दिल्याने.