खांदेरी : मुंबईच्या दारातलं बेट

आता आपण खांदेरीकडे येऊ. गिरगाव चौपाटीवरून हे बेट दिसत नाही, मधे कुलाब्याचं टोक येतं. पण दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणाऱ्या गलबताला ते टाळता येत नाही. थळच्या किनाऱ्यासमोर चार-पाच किलोमीटरवर, दोन टेकड्यांचं, वस्ती नसलेलं हे बेट. एवढ्याशा खडकासाठी इतकं रक्त का सांडलं, हा आपला आजचा प्रश्न.

शिवाजी महाराजांनी 1672 मध्ये इथे किल्ल्याचा प्रयत्न केला, तो इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे राहिला. 1679 च्या ऑगस्टअखेर, ऐन पावसाळ्यात, मायनाक भंडारी माणसं आणि थोड्या तोफा घेऊन बेटावर उतरला. वेळ पाहा! समुद्र खवळलेला असताना मोठी जहाजं बंदराबाहेर काढणं कठीण, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. मुंबईच्या इंग्रजांचं म्हणणं, बेट आमचं. कारण उघड होतं. तिथे बसलेल्या माणसाला मुंबईत कोण येतं, कोण जातं, सगळं कळणार.

19 सप्टेंबरला इंग्रजांनी बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. 18 ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून आलं. 'डव्ह' नावाचा गुराब मराठ्यांच्या हाती लागला. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने मात्र तोफांच्या जोरावर मराठ्यांना मागे हटवलं, हेही सांगायला हवं. आपल्याकडे तेवढं गाळून सांगायची सवय आहे.

पण आमच्या मते निकाल त्या दिवशी लागलाच नाही. तो लागला रोज रात्री. मराठ्यांच्या छोट्या होड्या अंधारात वल्ही मारत किनाऱ्यावरून दाणागोटा आणि सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्याची वाट बघत बसली. इकडे तटबंदी चढत गेली, आणि 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, ती डोकेदुखी पुढे बरीच वर्षं टिकली.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात, 1718 मध्ये, गव्हर्नर बून याने खांदेरीवर आरमार पाठवलं. तेही हात हलवत परतलं. बेट इंग्रजांकडे गेलं ते मराठी सत्ता संपल्यावरच.

मग 1867 मध्ये इंग्रजांनी तिथे दीपगृह उभारलं. ज्या जागेवरून बंदरावर नजर ठेवता येते, तिथूनच बंदराची वाटही दाखवता येते. जागेचा गुण तोच, वापरणारा बदलला.

1998 पासून बेटाचं सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट. फोर्टमधला इंग्रजांचा जुना मुंबई किल्लाही आज नौदलाचा 'आयएनएस आंग्रे' तळ आहे. कान्होजींचा मान योग्यच, पण यात मायनाक भंडारी कुठे आहे? 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, तिथे नाव लागलं ते खांदेरीचं. वेताळाच्या दर्शनाला जाणारे कोळीही खांदेरीच म्हणतात, बरं का.