ओल्या बाळंतिणीचें ऋण

इतिहासानें घोड्यांस व हत्तींस मान दिला. चेतकाचें नांव शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. परंतु ज्या मुक्या जिवांनीं रणांगण कधीं पाहिलें नाहीं, आणि तरीही मनुष्याच्या आयुष्यास ज्यांचा हातभार लागला, त्यांची बखर लिहावयास कोणी बसत नाहीं. अशा एका प्राण्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. हा प्राणी म्हणजे हॅम्स्टर: उंदराच्या कुळांतला, मुठींत मावणारा, सोनेरी अंगाचा, आणि दोन्ही गालांच्या पिशव्यांत दाणे भरून नेणारा. मुलांच्या हौसेपायीं तो आपल्याकडेही घरांत येऊं लागला आहे.

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे जातांना वाटेंत फुलंब्री लागते. तेथील शेतकऱ्यास असा जीव पाळण्याची कल्पना विचित्रच वाटेल. पेरलेले दाणे उकरणारा, कणसें बिळांत सांठविणारा उंदीर हा त्याचा पिढीजाद वैरी. त्यांत १८९६ सालीं मुंबईंत आलेल्या प्लेगाची आठवण. आणि १९९४ सालीं शेजारच्या बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं प्लेग आल्याच्या बातमीनें तर सारा मराठवाडा हादरला. गणपतीचें वाहन म्हणून हात जोडावे आणि रात्रीं सापळा लावावा, असा आपला उंदराशीं दुहेरी व्यवहार आहे. मग याच कुळांतली एखादी मादी व्याली आणि आजारी पडली, तर तिच्यासाठीं घरानें कां जागावें? याचें उत्तर इतिहासांत आहे.

काळा आजार हा आपल्याच देशाचा शाप. बंगाल, आसाम व बिहार या प्रांतांत त्यानें असंख्य बळी घेतले. १९०३ मध्यें लीशमन व मद्रासचे डोनोव्हन यांनीं त्याचा जंतु जगापुढें मांडला. परंतु जंतूचा अभ्यास करावयाचा, तर तो ज्याच्या अंगांत वाढेल असा लहान प्राणी हवा. चीनमधील हॅम्स्टर त्या कामीं योग्य ठरला. पण तो पिंजऱ्यांत प्रजा वाढवीना. तेव्हां जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील सॉल अ‍ॅडलर यांनीं प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी यांस सिरियांतील हॅम्स्टर शोधण्याची विनंती केली.

१२ एप्रिल १९३० रोजीं अलेप्पोजवळ एका गव्हाच्या शेतांत सुमारें ८ फूट खणल्यावर एक मादी व तिचीं ११ पिलें हातीं लागलीं. सर्वांस एका पेटींत घातलें, तों मादीनें जवळ आलेल्या पहिल्याच पिलाचा जीव घेतला. माणसांनीं घाईनें पिलें वेगळीं केलीं आणि आईस मारून टाकलें. उरलेलीं पिलें आहारोनी पतिपत्नींनीं हातानें वाढविलीं. पुढें कांहीं पळालीं, कांहीं मेलीं. राहिलेल्या मोजक्या भावंडांपासून वर्षभरांत सुमारें १५० जीव झाले. १९३१ मध्यें अ‍ॅडलर यांनीं त्यांतील कांहीं कोटाच्या खिशांतून इंग्लंडांत नेले. आज जगभर पाळलेले बहुतेक सारे सोनेरी हॅम्स्टर त्या एका बिळाचे वंशज होत. आणि काळ्या आजारावरील औषधांची परीक्षा अजूनही याच प्राण्यावर होत असते.

त्या आईस राक्षसीण म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जिचें घर उकरलें, जिला पिलांसकट उजेडांत ओढलें, तिचें भय त्या कृत्यांत बोललें. आपल्या जुन्या वाड्यांत ओल्या बाळंतिणीची खोली अंधारी व निवांत ठेवीत. येणाराजाणारा उंबऱ्यावरूनच परते. तोच नियम येथें लागू आहे. सोळा दिवसांच्या गर्भवासानंतर पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात; सुमारें दोन आठवड्यांनीं त्यांचे डोळे उघडतात. निदान पहिला आठवडा घरट्यास हात लावूं नये, पिंजराही धुऊं नये. मादीचें खाणें सुटलें, शेपटीखालीं ओल दिसूं लागली, तर ताजें पाणी व उकडलेल्या अंड्याचा कण तिच्याजवळ ठेवावा, आणि विलंब न लावतां पिंजऱ्यासकट पशुवैद्याकडे न्यावें. घरांतल्या माणसांच्या गोळ्या मात्र देऊं नयेत. पेनिसिलिन आपले प्राण वाचवितें. पण तेंच या प्राण्याच्या आंतड्यांतील उपकारक जंतु मारून त्याचा प्राण घेऊं शकतें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत शेक-शेगडीही नको. सावलीची, वाऱ्याची जागाच बरी.

सिरियांतील शेतकरीही या जातीस धान्यचोर समजून मारीत आला, आणि रानांतला सोनेरी हॅम्स्टर आज दुर्मिळ झाला आहे. फुलंब्रीच्या शेतकऱ्यानें उंदराशीं वैर सोडावें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें पीक त्यानें राखलेंच पाहिजे. परंतु जो जीव आपण हौसेनें घरांत आणला, त्याच्या कुळाचा आपल्या देशाच्या एका रोगाशीं असा संबंध आहे, हें विसरतां येत नाहीं. १९३० सालीं त्या आईस कोणी निवांत कोपरा दिला नाहीं. तिच्या लेकींस तो देणें, एवढेंच ऋण आपल्या हातून फिटण्याजोगें आहे.