खिडकीवरचं लेबल

परवा ड्रॉवर आवरताना एक जुनी ईप्रॉम सापडली. २७६४, अठ्ठावीस पायांची, पाठीवर गोल खिडकी आणि खिडकीवर माझ्याच अक्षरातलं लेबल: व्ही १.४. बघून पोटात जरा ढवळलंच. का ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास. त्याशिवाय एवढ्याशा कागदाचं महत्त्व कळायचं नाही.

इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन नावाचा तरुण इंजिनिअर मेमरी चिपमधल्या एका बिघाडाचं कारण शोधत होता. ट्रान्झिस्टरचं गेट तुटून अधांतरी राहिलं तर त्यावर चार्ज अडकून बसतो, हे त्याच्या डोक्यात आलं. दुसरा कोणी रिपोर्ट लिहून मोकळा झाला असता. यानं विचार केला, चार्ज अडकतोच आहे तर त्यात माहितीच का साठवू नये? १९७१ साली १७०२ ही चिप आली. क्षमता २०४८ बिट, म्हणजे फक्त २५६ बाइट!

भरलेलं पुसायचं तर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश हवा, साधारण २५४ नॅनोमीटरचा. साधी काच तो अडवते, म्हणून खिडकी क्वार्ट्झची. दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवली की अख्खी चिप कोरी, जिकडेतिकडे एफएफ. पण जी खिडकी पुसायला उपयोगी, तीच घातकी. डेटाशीटमध्ये लिहिलेलं असे की थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. तेव्हा खिडकी झाका.

म्हणजे लेबल हे नाव आणि पडदा दोन्ही. आम्ही काय काय चिकटवलंय! सव्वापाच इंची फ्लॉपीच्या खाचेवर लावायचे चंदेरी तुकडे सगळ्यात भारी, प्रकाश अजिबात आत जात नसे. पण त्यावर पेन चालत नसे, मग वर डॉट मॅट्रिक्सवर छापलेला कागद. जुनं लेबल काढलं की खिडकीवर गोंद राहायचा, आणि तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं नीट पुसला नाही तर दिव्याखाली चिप अर्धवटच कोरी व्हायची. (हे कळेपर्यंत आम्ही दिव्यालाच शिव्या घालत होतो.)

लेबलावर लिहायचं काय? बोर्डावरची जागा, व्हर्जन, तारीख आणि चेकसम. चेकसम म्हणजे चिपमधल्या सगळ्या बाइटची बेरीज, त्यातले शेवटचे चार हेक्स आकडे. प्रोग्रॅमरमध्ये चिप घाला, आकडा जुळला की लेबल खरं. १९९७ साली सुरू झालेल्या मेम या प्रकल्पात जुन्या व्हिडिओ गेमच्या चिपा उतरवून घेतात, तिथे फाइलींची नावंसुद्धा बऱ्याचदा या लेबलांवरूनच ठेवतात.

आता माझी गोष्ट. १९९४, पुण्यातली एक छोटी कंपनी, माझी पहिली नोकरी. आम्ही भट्टीचे टेंपरेचर कंट्रोलर बनवायचो. १.३ मध्ये एक बग होता, काही तासांनी हीटर बंदच व्हायचा नाही. तो मी १.४ मध्ये काढला. संध्याकाळी घाईत दोन चिपांना लेबलं लावली आणि तिथे अदलाबदल झाली. तेव्हा आम्ही लेबलावर चेकसम लिहीत नव्हतो. गिऱ्हाईकाकडे अख्खी बॅच जळाली.

बोर्ड परत आला. मी चिप काढून प्रोग्रॅमरमध्ये घातली, बघितलं आणि खिशात टाकली. नवी चिप बसवली, बोर्ड चालला. साहेबांनी निष्कर्ष काढला की टेस्टिंगच्या काकांनी लांबची टेस्ट न करताच सही केली. लेबल बघून काकांनी छोटीच टेस्ट घेतली होती, १.४ ला तेवढी पुरे असं मीच त्यांना सांगितलं होतं. सगळ्यांसमोर त्यांना बोलणी बसली. नंतर चहाला त्यांनी विचारलं, "काय रे, लेबलं तूच लावली होतीस ना?" मी म्हटलं, "हो काका, बरोबरच लावली होती."

पुढच्या महिन्यात मी लेबलावर चेकसम छापायची पद्धत सुरू केली. त्याबद्दल शाबासकीही मिळाली.

ईप्रॉमची जागा हळूहळू फ्लॅशनं घेतली, तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी १९८४ साली मांडलेल्या. खिडकी गेली, लेबलही गेलं. काका तर केव्हाच रिटायर झाले.

काल रात्री यूएसबीचा प्रोग्रॅमर काढून ती चिप वाचली. तीस वर्षांत एक बिट हललेला नाही. सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलंय, व्ही १.३.