दवाखाना दूर असेल तर : गरोदर माता व बालकांसाठी मोफत वाहन सुविधा

गाव, वाडी किंवा पाड्यापासून सरकारी दवाखाना दूर असतो, एसटी दिवसातून एकदाच येते आणि रात्री खासगी जीपचे भाडे परवडत नाही. अशा वेळी बाळंतपणासाठी निघायला झालेला उशीर आई व बाळाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून केंद्र शासनाने 1 जून 2011 रोजी सुरू केलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात उपचारांसोबत वाहनाची सोयही मोफत ठेवली आहे.

लाभ कोणाला मिळतो?
• सरकारी आरोग्य संस्थेत प्रसूतीसाठी जाणारी प्रत्येक गरोदर माता
• सरकारी आरोग्य संस्थेत उपचार घेणारे 1 वर्षापर्यंतचे आजारी बालक

कोणता प्रवास मोफत आहे?
1. घरापासून आरोग्य संस्थेपर्यंत
2. गरज पडल्यास तेथून मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत
3. आरोग्य संस्थेतून घरी परत

अनेक कुटुंबांना तिसरा लाभ माहीत नसतो व ती परतीचे भाडे स्वतः भरतात. सुट्टी मिळण्यापूर्वी परिचारिकेकडे परतीच्या वाहनाची मागणी करा.

कोणता क्रमांक लावावा?
• 102 : प्रामुख्याने गरोदर माता व आजारी बालकांची ने-आण
• 108 : अपघात, सर्पदंश, प्रसूतीतील गुंतागुंत यांसारखी तातडीची स्थिती

दोन्ही सेवा राज्यांमार्फत चालतात, त्यामुळे व्यवस्थेत राज्यानुसार फरक असू शकतो. आपल्या भागात कोणता क्रमांक लवकर लागतो, हे आशाताईंना आधीच विचारून ठेवा. फोनवर गावाचे नाव, तालुका, जवळची खूण आणि रुग्णाची स्थिती सांगा. फोन चालू ठेवा.

गाडी घरापर्यंत येत नसेल तर?
रस्ता नसलेल्या वस्तीत रुग्णवाहिका पक्क्या रस्त्यापर्यंतच येऊ शकते. तेथपर्यंत मातेला कसे न्यायचे, सोबत कोण जाणार आणि पर्यायी वाहन कोणाचे, हे आठव्या महिन्यातच ठरवा. पावसाळ्यात ओढ्याला पूर येत असेल, तर प्रसूतीच्या तारखेपूर्वीच दवाखान्याजवळ मुक्कामाला जाणे सुरक्षित ठरते. महाराष्ट्रातील आदिवासी भागात यासाठी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ची सोय आहे. इतर राज्यांतील सोयीची चौकशी एएनएमकडे करा.

फेऱ्या कमी कशा कराव्यात?
• लसीकरण व गरोदरपणातील तपासणी गावातच, अंगणवाडीत दर महिन्याला होणाऱ्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवशी करून घ्या.
• दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील मोफत तपासणी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला होते.
• जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीद्वारे डॉक्टरांचा मोफत सल्ला घेता येतो.
• फिरते वैद्यकीय पथक येत असल्यास त्याचा वार आशाताईंकडून समजून घ्या.

सोबत काय ठेवावे?
माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत. मात्र कागद सापडत नाहीत म्हणून थांबू नका. आधी दवाखाना गाठा.

पैसे मागितले तर?
वरील प्रवासासाठी चालकाला इंधनाचे किंवा इतर कोणतेही पैसे द्यावे लागत नाहीत. मागणी झाल्यास तारीख, वेळ व वाहन क्रमांक लिहून ठेवा आणि वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.