घोडबंदरचा रस्ता आणि दोन किल्ले

ऐतिहासिक स्थळें पाहावयाचीं म्हणजे निदान रायगड-प्रतापगडापर्यंत तरी गेलें पाहिजे, अशी आपल्या सुशिक्षित मंडळींची समजूत दिसते. सुटींत मुलांबाळांसह दूरदूरचा प्रवास करणारीं ठाण्याचीं कुटुंबें रोज ज्या रस्त्यानें जातात-येतात, त्याच्या नांवाचा विचार मात्र क्वचितच करतात. येऊरच्या डोंगराला वळसा घालून, खाडीला सोबत घेऊन पश्चिमेकडे जाणारा घोडबंदर रस्ता हा असाच एक न उघडलेला ग्रंथ होय.

घोड्यांचें बंदर तें घोडबंदर. अरबांनीं समुद्रमार्गें आणलेले घोडे पोर्तुगीज येथें विकत घेत, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. ती सर्वस्वीं खरी असो वा नसो, 'बंदर' हा शब्द एक गोष्ट निश्चित सांगतो : या भागांतली जुनी वाट पाण्याची, डांबरी रस्ता मागाहून आला. उल्हास नदीच्या पाण्याला ठाण्यानजीक दोन वाटा फुटतात. एक घोडबंदरावरून वसईच्या समुद्राकडे जाते. दुसरी ठाण्याच्या खाडीनें दक्षिणेस मुंबईच्या बंदराला मिळते. या पाण्यानें वेढलेली भूमि ती साष्टी. नकाशा पुढें ठेवला म्हणजे एक किल्ला ठाण्यास व दुसरा घोडबंदरास कां उभा राहिला, हें लहान मुलालाही समजेल.

1534 सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढें सुमारें दोनशें वर्षें साष्टी त्यांच्या हातीं राहिली. 1737 सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं ठाणें घेतलें, घोडबंदरही त्याच वर्षीं घेतलें, आणि 1739 च्या मे महिन्यांत वसईनें शरणागति पत्करली. वसईचा विजय आपण शाळेंत शिकतों. त्या विजयाच्या पहिल्या पायऱ्या आपल्या दाराशीं आहेत, हें मात्र शिकत नाहीं. पराजयाचीही तीच गोष्ट. 1774 च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. मराठ्यांचा अंमल येथें उणापुरा 37 वर्षांचा.

यानंतर दोन्ही किल्ल्यांचें दैव निराळें झालें. ठाण्याचा किल्ला तुरुंग बनला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 च्या सप्टेंबरांत येथूनच निसटले. खिडकीखालून घोडा नेणारा एक मोतद्दार सुटकेचा बेत मराठी गाण्यांतून त्यांच्या कानीं घाली व पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांस त्यांतलें अक्षरही कळत नसे, अशी आख्यायिका आहे. याच तुरुंगांत 19 एप्रिल 1910 रोजीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांस फांसावर चढविण्यांत आलें. आणि याच किल्ल्याच्या जमिनींत 1787 सालीं खोदकाम चालू असतां शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके 939 चा, म्हणजे इसवी सन 1017 चा, ताम्रपट सांपडला होता. एवढा इतिहास ज्या तटाच्या आंत आहे, तो तट आजही कारागृहाचाच आहे; इच्छा होईल तेव्हां आंत जावें असें तें स्थळ नव्हे.

घोडबंदरच्या टेकडीवर मात्र वाट मोकळी आहे. अलीकडे तेथें डागडुजीचीं कामेंही झालीं, हें चांगलेंच झालें. पण ढासळलेला दगड पुन्हां बसविणें सोपें. त्या दगडाचा पाण्याशीं, पाण्याचा व्यापाराशीं आणि व्यापाराचा राज्याशीं असलेला संबंध मनांत बसविणें अवघड. तें झालें नाहीं, तर किल्ला म्हणजे केवळ हवा खाण्याचें ठिकाण होऊन बसेल. एका किल्ल्याची कथा ठाऊक आहे पण दार बंद. दुसऱ्याचें दार उघडें पण कथा सांगणारा कोणी नाहीं, असें व्हावयास नको.

हें काम सर्वस्वीं सरकारावर सोंपवून चालणार नाहीं. एखाद्या रविवारीं वडील माणसांनीं मुलांस तेथें न्यावें. वाहनांच्या गर्दीकडे पाठ करून खाडीकडे तोंड करावें, आणि आपण राहतों तें ठाणें एका बेटावर आहे, एवढें तरी त्यांस सांगावें. बहुतेक मुलांस तें ठाऊक नसतें. पुष्कळ वडिलांसही नसतें.